मागच्या सीटवर आत्या

आमच्या शाळेतल्या खेळाच्या सरांनी चारचाकी घेतली आणि त्यांची जुनी मोटारसायकल माझ्या गळ्यात पडली. व्यवहार ठरताना मी त्यांना एकच प्रश्न विचारला, ही थांबवायची कशी. चालवायची कशी, हे विचारायचं मला सुचलंच नाही. सरांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, पुढचा ब्रेक दाखवला, मागचा दाखवला, दोन्ही एकदम दाबत जा म्हणाले, टाकीवर थोपटलं आणि मागे वळून न बघता निघून गेले. त्यांना वाईट कुणाचं वाटत होतं, गाडीचं की माझं, याचा उलगडा मला अजून झालेला नाही.

गाडी घेण्यामागे हौस वगैरे काही नव्हती. आमच्या घराजवळचा बसथांबा कुणीतरी उचलून पार पुलापलीकडे नेला होता आणि मला पहिल्या तासाला रोज उशीर होऊ लागला होता. उशिरा येणाऱ्या मुलांना वर्गाबाहेर उभं करणारा मास्तर स्वतःच धापा टाकत वर्गात शिरला की मुलं काही बोलत नाहीत. नुसती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात. तोंडाने बोलली असती तर परवडलं असतं.

मी विज्ञान शिकवतो. चार स्ट्रोकचं इंजिन मी फळ्यावर इतक्या वेळा काढलं आहे की झोपेत खडू दिला तरी काढीन. सिलिंडर, त्यात दट्ट्या, वर दोन झडपा, मधे ठिणगी. पण मनातलं सांगतो, ते चित्र खरं असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. पृथ्वीच्या गाभ्यासारखं ते एक आपलं पुस्तकात असतं, परीक्षेला येतं आणि परत पुस्तकात जातं. त्यामुळे बरेच दिवस किक मारमारून, एकदा उलटी किक नडगीवर खाऊन, शेवटी एका सकाळी ती गाडी धडधडायला लागली तेव्हा मी अक्षरशः थिजलो. टाकीवर हात ठेवला. त्या पत्र्याखाली माझं फळ्यावरचं चित्र चाललं होतं. दट्ट्या खाली जात होता, झडप मिटत होती, ठिणगी पडत होती, आणि हे सगळं एका मिनिटात शेकडो वेळा, न चुकता, कुणी शिकवलेलं नसताना. माझे डोळे भरून आले. बायको वरून गॅलरीतून म्हणाली की पेट्रोल जळतंय, निघायचं नसेल तर बंद करा.

आता सल्ल्यांकडे वळतो, कारण गाडी माझ्या दारात उभी राहिली त्याच्या आधी सल्ले येऊन उभे होते. आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहतात आणि तळमजल्यावर कर्नल. कर्नल सैन्यात कधीच नव्हते. त्यांचं औषधांचं दुकान होतं. पण मिशा आणि आवाज यांमुळे सगळे त्यांना कर्नल म्हणतात आणि आता त्यांनाही ते खरं वाटू लागलं आहे. या दोघांचं कशावरच एकमत होत नाही, आणि माझ्या गाडीच्या रूपाने दोघांना एक कायमचं मैदान मिळालं.

कर्नल म्हणाले, चेनला दर आठवड्याला तेल पाजायचं. डॉक्टर म्हणाले, घाणीवर तेल घालणं म्हणजे किडलेल्या दातावर चांदी भरणं, आधी चेन घासून घ्या. एवढंच सांगून थांबले नाहीत, वर जाऊन माझ्यासाठी नवा कोरा ब्रश घेऊन आले. मऊ केसांचा. मी पार्किंगमध्ये बसून रॉकेलमध्ये बुडवलेल्या टूथब्रशने चेनची एकेक कडी घासत होतो आणि डॉक्टर माझ्या मागे उभे राहून सांगत होते की आडवं नको, गोल गोल फिरवा, मागच्या बाजूला पोचायला हवं. कडी न् कडी चकाकायला लागली तेव्हा त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा. मला वाटतं ते सवयीने म्हणाले.

तेलाचं प्रकरण मात्र अंगाशी आलं. इंजिनातलं तेल मोजायची एक पट्टी असते. ती काढायची, पुसायची, बुडवायची आणि ओली खूण बघायची. मी ती बघितली, खूण फार खाली दिसली. कर्नलनी हुकूम सोडला, भरा. मी भरलं. पुन्हा बघितलं, अजून कमीच. आणखी भरलं. गाडी तिरक्या स्टँडवर कलती उभी आहे आणि त्यामुळे आतलं तेलही कलतं आहे, ही गोष्ट विज्ञानाच्या मास्तराच्या ध्यानात यायला हवी होती. ती आली नाही. गाडी सुरू केल्यावर मागून असा पांढरा धूर निघाला की पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी वाळत घातलेले कपडे दिसेनासे झाले. मग कपडे दिसले, पण पांढरे नव्हते. पेट्या, बादल्या आणि कर्नल घेऊन सगळी इमारत खाली आली. डॉक्टर शांतपणे म्हणाले की तेल बघताना गाडी सरळ उभी करायची असते. हे आधी का नाही सांगितलं, असं विचारल्यावर ते म्हणाले, तुम्ही मला विचारलंत कुठे, तुम्ही तर कर्नलचे रुग्ण.

चालवायला शिकताना तर माझी इभ्रत रोज थोडी थोडी पार्किंगमध्ये सांडत गेली. क्लच हळूहळू सोडायचा, जिथे गाडीला पुढे सरकायची इच्छा होते तिथे क्षणभर थांबायचं, मग ॲक्सिलरेटर. कर्नलनी हे नीट समजावलं आणि मग त्याच समजावणीच्या आवाजात ओरडले, सोडा. मी सोडला. गाडी मला घेऊन सोसायटीच्या सेक्रेटरींच्या कुंपणात गेली. पुढच्या रविवारी मोकळ्या मैदानावर गेलो. मोकळं म्हणजे अगदी मोकळं, मधे फक्त एक कचऱ्याचं पिंप. एवढ्या मोठ्या मैदानात मी त्या पिंपावरच गेलो. पुन्हा फिरून आलो आणि पुन्हा पिंपावरच. तेव्हा डॉक्टरांनी मला आयुष्यातली एक फार मोठी गोष्ट सांगितली. गाडी जिकडे वळवाल तिकडे जात नाही, जिकडे बघाल तिकडे जाते. पिंपाकडे बघू नका. मी पिंपाकडे बघायचं नाही असं घोकत निघालो, आणि घोकता घोकता पिंपाकडे बघतच गेलो. मग एकदा मान वर करून लांबच्या झाडाकडे पाहिलं, आणि गाडी कुणीतरी दोरीने ओढल्यासारखी त्या झाडाकडे निघाली. मी हँडलला काही केलं नव्हतं. नुसतं पाहिलं होतं. त्या दिवशी मी घरी येऊन खिडकीतून लांबच्या झाडांकडे एकटक बघत बसलो. बायकोने कपाळाला हात लावून बघितला.

गाडी माझ्या नावावर करताना कचेरीतही असाच एक चमत्कार घडला. खिडकीतल्या बाईंनी कागद पाहिला, खिडकीतून गाडी पाहिली, पुन्हा कागद पाहिला. कागदावर गाडी निळी होती. उभी होती ती काळी. मी म्हणालो, आधी निळी असेल, मग कुणी रंगवली असेल. त्या म्हणाल्या, 'असेल'वर कचेरी चालत नाही. खेळाच्या सरांना विचारलं तर ते म्हणाले, मी घेतली तेव्हाही काळीच होती. शेवटी मी सीट उचलून आतल्या पत्र्यावर नाण्याने खरवडायला सुरुवात केली. काळा रंग गेला, खाली लाल निघाला. माझा धीर सुटला. आणखी खरवडलं तेव्हा नखाएवढा निळा दिसला. बाई खिडकीबाहेर आल्या, चष्मा लावून वाकल्या, आहे निळी म्हणाल्या आणि शिक्का मारला. सरकारदरबारी माझी गाडी आजही निळी आहे.

लायसन्सच्या परीक्षेत आठचा आकडा काढायचा असतो. पहिल्या खेपेला मी काढला, पण साहेब त्या वेळी चहाच्या कपात बघत होते. त्यांनी विचारलं, पाय टेकला का. मी म्हणालो, टेकला. ते म्हणाले, प्रामाणिक माणूस दिसता, पुढच्या आठवड्यात या. पुढच्या आठवड्यात पाय टेकला नाही आणि लायसन्स हातात पडलं. आता मी कायद्याने कुणालाही मागे बसवू शकत होतो. आणि तिथेच घोडं अडलं, कारण मागे बसायला कुणीच तयार नव्हतं.

बायकोने स्वच्छ सांगितलं की आधी दुसऱ्या कुणाला तरी बसवून आणा, मग बघू. डॉक्टरांची कंबर धरली होती. कर्नल म्हणाले, सेनापती स्वतः गाडीवर बसत नसतो, तो नकाशावर बोट ठेवतो. त्यांनी मला वजनाचा सराव करायला सांगितलं. मी सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचं पोतं मागे बांधून निघालो. चौकात वळलो, गाडी वळली, पोतं सरळ गेलं. लोकांनी धावून धावून पेपर गोळा करून दिले. एका गृहस्थांनी एक पेपर चाळून मला परत देताना सांगितलं की तुम्ही मार्क फार हात आखडून देता.

हे सगळं आमच्या घरात एक माणूस गप्प बसून ऐकत होतं. ती माझी आत्या.

आत्या वडिलांची थोरली बहीण. वय पंचाहत्तरीच्या पुढे. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तिथे लांबच लांब बोर्डासमोर बायका ओळीने बसायच्या आणि एकमेकींना खुर्चीच्या नंबराने हाक मारायच्या. आत्या होती सतरा. तिच्या शेजारी बसायची ती सोळा. नोकरी संपून कितीतरी वर्षं झाली, एक्स्चेंजची इमारतही पाडली, पण या दोघी अजून सोळा आणि सतराच होत्या. सोळा आता गावाबाहेर, डोंगरावरच्या तलावाशी मुलीकडे राहत होती, आणि दोघींचं रोज संध्याकाळी फोनवर बोलणं व्हायचं. ते व्हायचं असं म्हणतो, कारण हल्ली ते बंद पडलं होतं. सोळाचे कान गेले. यंत्रं लावून पाहिली, काही उपयोग झाला नाही. आत्या तरीही संध्याकाळी फोनशेजारच्या खुर्चीत येऊन बसायची आणि थोड्या वेळाने उठून जायची.

त्यातच सोळाच्या मुलीने कळवलं की भाऊ आईला महिनाअखेरीला आपल्याकडे नेणार आहे. भाऊ राहतो विमानाने जावं लागतं इतक्या लांब. भेटायला जायला हवं, हे आम्ही सगळेच म्हणत होतो. पण तलावाकडची बस रस्ता खचला तेव्हा जी बंद झाली ती रस्ता दुरुस्त झाल्यावरही सुरू झाली नव्हती, आणि बंद काचेच्या गाडीत बसलं की आत्याला पहिल्या वळणावरच मळमळतं. म्हणून नुसतं म्हणणंच चाललं होतं.

एका रविवारी सकाळी मी चेन बघत होतो. चेन बोटाने वरखाली हलवली की दोन बोटं हलायला हवी, त्याहून जास्त नको आणि कमीही नको. तेवढ्यात जिन्यावरून आत्या उतरली. तिने माझ्या वडिलांची जुनी पॅन्ट घातली होती, कंबरेला पट्टा आवळलेला, आणि डोक्यावर आधीच माझं हेल्मेट.

"निघू या," ती म्हणाली. "ऊन व्हायच्या आत चढ चढलेला बरा."

मी म्हणालो की आत्या, माझ्या मागे अजून कुणीच बसलेलं नाही.

"कुणीतरी पहिलं असतंच की."

बायको धावत खाली आली. तिने आत्याला समजावलं, मग मला समजावलं, मग दोघांना. शेवटी म्हणाली की आत्या, त्यांना तर काही ऐकू येत नाही, एवढ्या लांब जाऊन बोलणार काय तुम्ही? आत्या म्हणाली, "ते आमचं आम्ही बघू." आणि दोन्हीकडे पाय टाकून सीटवर बसली. मी वरून दुसरं हेल्मेट आणलं. डॉक्टरांनी टायरमधली हवा तपासली आणि दोन माणसं असली की मागच्यात थोडी जास्त लागते म्हणून भरायला लावली. कर्नल आत्याला सांगत होते की वळणावर गाडी कलेल तेव्हा तिच्याबरोबर कला, उलट्या बाजूला झुकू नका, आणि काही झालं तरी याला सोडू नका. आत्याने माझे दोन्ही खांदे धरले. मी क्लच सोडला, आणि काय सांगू, इतका मऊ सुटला की आम्ही निघालोय हे मला सेक्रेटरींचं कुंपण मागे गेल्यावर कळलं.

उत्तरपत्रिकांचं पोतं आणि आत्या यांत फार फरक आहे. पोतं वळणावर विरोध करतं. आत्या माझ्याबरोबर कलत होती, इतकी सहज, की मागे कुणी आहे हे फक्त खांद्यांवरच्या बोटांवरून कळत होतं. बाजार मागे पडला, कारखान्याची भिंत मागे पडली आणि रस्ता मोकळा झाला. मी इतकी वर्षं या रस्त्याने बसमधून गेलो होतो, पण बसच्या खिडकीतून रस्ता शेजारून जातो. इथे तो अंगावर येत होता. लाकडाच्या वखारीपाशी लाकडाचा वास, पुलावर पाण्याचा गारवा, वळणापलीकडे पुन्हा ऊन, सगळं कसं तोंडावर येऊन लागत होतं. मी चाळिशी ओलांडलेला, दोन चष्मे असलेला माणूस, आणि मला वाटत होतं की जग कुणीतरी आत्ताच उघडून ठेवलंय.

हे वाटत असतानाच चढ लागला आणि गाडी आचके देऊन बंद पडली.

रस्ता अरुंद, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला कठडा, आणि मागे विटांनी भरलेला ट्रक. ट्रकमागे एक टेम्पो, टेम्पोमागे आणखी कुणी कुणी. सगळ्यांनी एकदम हॉर्न धरला. मी किक मारतोय, घाम पुसतोय, पुन्हा किक मारतोय. ट्रकवाल्याने खिडकीतून डोकं काढून मला काहीतरी सांगितलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. आत्या शांतपणे उतरली. हेल्मेटची काच वर केली, रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि हात वर करून तिने जो आवाज लावला तो मी आमच्या घरात कधी ऐकला नव्हता. मोठा नव्हता. गोड, सपाट आणि ज्याच्यापुढे काही बोलताच येऊ नये असा.

"कृपया प्रतीक्षा करा," ती म्हणाली. "लाईन व्यस्त आहे."

हॉर्न थांबले. एकामागोमाग एक, शेवटच्या गाडीपर्यंत. ट्रकवाला डोकं आत घेऊन बसून राहिला. या आवाजाने किती लोकांना किती वर्षं ताटकळत ठेवलं असेल, कुणी भांडून दाखवलं असेल का, असं मला त्या घाईतही वाटून गेलं.

त्या शांततेत मला खेळाच्या सरांनी रंगाच्या भानगडीत जाता जाता सांगितलेलं एक वाक्य आठवलं. टाकीखाली एक छोटा खटका असतो, पेट्रोल संपत आलं की तो राखीववर करायचा. मी हात घालून खटका फिरवला, किक मारली आणि गाडी सुरू झाली. पण चढावर निघायचं कसं? ब्रेक सोडला तर गाडी मागे ट्रकवर, क्लच सोडला तर बंद. मी मागचा ब्रेक पायाने दाबून ठेवला, क्लच सोडत सोडत त्या थांबायच्या जागेपर्यंत आणला, गाडी पुढे ओढ घ्यायला लागली, तेव्हा ब्रेक सोडला. मागे न घसरता ती पुढे सरकली. मला इतका आनंद झाला की मी तसाच पुढे निघालो. बराच पुढे गेल्यावर आठवलं की आत्या खालीच आहे. ती ट्रकच्या केबिनमध्ये बसून वर आली. ट्रकवाल्याने तिला हात देऊन उतरवलं आणि माझ्याकडे पाहिलं, ते मी विसरायचा प्रयत्न करतो आहे.

सोळाच्या मुलीचं घर तलावाच्या भिंतीलगत होतं. पुढे व्हरांडा, त्यात वेताची खुर्ची आणि खुर्चीत एक बारीक चणीच्या बाई, डोळे मिटून. मुलीने त्यांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी डोळे उघडले तर समोर पॅन्ट घातलेली आत्या, काखेत हेल्मेट.

मला वाटलं आता रडारड होईल. तसं काही झालं नाही. आत्याने एक खुर्ची ओढून त्यांच्या अगदी समोर ठेवली, गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसली, आणि उजवा हात वर करून दोन बोटं अशी पुढे नेली, जणू कशात तरी काहीतरी खोचतेय. सोळाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि तशीच दोन बोटं पुढे केली.

आणि मग त्यांचे हात बोलायला लागले.

ती मुक्या माणसांची भाषा नव्हती. ही यांची यांनीच केलेली होती. कानाला हेडफोन, तोंड गिऱ्हाइकांसाठी राखलेलं, मागे सुपरवायझर फेऱ्या मारतेय, अशा बोर्डासमोर बसून या दोघी वायरी खोचता खोचता दिवसभर गप्पा मारायच्या. नाकाला चिमूट म्हणजे सुपरवायझर. मनगटावर टिचकी म्हणजे सुट्टी किती वेळाने. पण ते मला नंतर कळलं. त्या वेळी मी फक्त चार हात बघत होतो. सुरकुतलेले, डाग पडलेले, आत्याचा एक अंगठा तर संधिवाताने वाकडा झालेला. त्या हातांना वय नव्हतं. ते पाखरांसारखे उडत होते, एकमेकांना अडवत होते, एकमेकांचं वाक्य तोडत होते. मधेच सोळाचे हात थांबले आणि मांडीवर पडून राहिले. आत्याने आपले हात त्यांवर ठेवले. थोड्या वेळाने पुन्हा सुरू.

मुलगी दारात उभी होती. चहाचा ट्रे हातात तसाच. "आई गेले कित्येक दिवस काही बोललीच नव्हती," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, ऐकू येत नाही म्हणून बोलणंही सोडलं तिने."

मी आयुष्यभर मुलांना गप्प बसवत आलो आहे. गप्प बसलेल्या वर्गाकडे बघून मला वाटायचं की आता इथे कुणी काही बोलत नाहीये. त्या व्हरांड्यात मला एकदम भीती वाटली की माझ्या पाठीमागे, मी फळ्यावर दट्ट्या काढत असताना, काय काय चाललं असेल.

मग आत्याने माझ्याकडे मान वळवली आणि सोळाला काहीतरी सांगायला लागली. मला ती भाषा येत नव्हती, पण एवढं समजायला भाषा कशाला लागते. आत्याने दोन मुठी पुढे धरल्या, खांदे कानापर्यंत उचलले, चेहरा परीक्षेला बसलेल्या मुलासारखा केला, मग सगळं अंग थरथरवलं आणि एकदम पुढे झुकली. नंतर एक बोट वर, म्हणजे आपण एकट्या, आणि हाताने लांबवर कुणीतरी निघून गेल्याची खूण. सोळा हसायला लागली. आवाज न करता, तोंडावर हात धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मुलगीही हसली, आणि ट्रेमधले कप वाजायला लागले. मी जरा घसा साफ केला, पण त्यांच्या हसण्यात मी कुठेच नव्हतो. तिथे बहुधा ते जुनं एक्स्चेंज होतं, ओळीने बायका, आणि मधूनच कुणीतरी अशीच नक्कल करतेय. माझा राग आपोआप उतरला.

ऊन कलल्यावर आम्ही उठलो. सोळा फाटकापर्यंत आली. मी गाडी सुरू केली तेव्हा तिने पुढे होऊन टाकीवर तळवा ठेवला आणि तसाच ठेवून उभी राहिली, चांगला वेळ. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही. गाडी पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा मीही तिथेच हात ठेवून उभा होतो, एवढंच म्हणतो. मग तिने हात काढला आणि आत्याला काही खुणा केल्या.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"गियर बदलताना खांदे उडवू नकोस म्हणतेय."

एवढं सांगून आत्या सीटवर बसली. निरोप कसा घेतात याचीही त्यांची काही खूण असणार. ती मला दिसली नाही. कदाचित त्यांनी ती केलीच नाही.

वाटेतल्या पंपावर टाकी भरून घेतली. पुढे उतार होता. गाडी खालच्या गियरमध्ये ठेवली की इंजिनच तिला धरून ठेवतं, ब्रेक तापत नाहीत, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि कर्नलनी त्याला विरोध केला नव्हता, म्हणून मी तसंच केलं. सूर्य आमच्या पाठीमागे होता. रस्त्यावर पुढे आमची सावली पडली होती, लांबच लांब. चाक, हँडल, माझं हेल्मेट, त्याच्या वर आत्याचं हेल्मेट. बराच वेळ मी ती कौतुकाने बघत होतो. मग सावलीत काहीतरी हललं.

आत्याच्या सावलीला दोन्ही बाजूंनी हात फुटले होते. ते हात हवेत चालले होते. बोटं उघडत होती, मिटत होती, थांबत होती, जणू समोरच्याचं ऐकून घेतायत, आणि पुन्हा उडत होती. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की माझ्या खांद्यांवर कुणाचीच पकड नाही. आत्या, धर मला, असं ओरडायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. वेग कमी केला. खड्डे लांबूनच टाळायला लागलो, क्लच असा सोडायला लागलो की गाडीलाही कळू नये. खांदे उडवले नाहीत.

फाट्याशी आलो. डावीकडे वळलं की घर जवळ. सरळ गेलं की रस्ता वखारींना वळसा घालून, पार नदीपर्यंत जाऊन मग गावात शिरतो. डावीकडे वळलो असतो तर सूर्य बाजूला गेला असता आणि सावली शेतात पडली असती.

मी सरळ गेलो.